बाबांचा नंबर बंद करू की चालू ठेवू?

मिरजकरीण

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

बाबा जूनमध्ये गेले. आई मिरजेला एकटी असते, मी पुण्यात, भाऊ बंगळुरूला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले पण घरातलं सगळं तंत्रज्ञान खातं त्यांच्याकडे. म्हणजे इन्व्हर्टरमध्ये पाणी घालण्यापासून वायफायपर्यंत. आईने सेट टॉप बॉक्सचा रिमोट हातात घेतला तरी "थांब, तू काहीतरी दाबशील" म्हणायचे. वाईट माणूस नव्हता हो, हौस होती त्यांना. आणि आईलाही बरं वाटायचं की एक व्याप कमी.

आता झालंय असं की घरातली प्रत्येक गोष्ट बाबांच्या मोबाईल नंबरला जोडलेली आहे. गॅस त्याच नंबरवरून बुक होतो, डिलिव्हरीचा कोड त्याच नंबरवर येतो. लाईट बिलाचा मेसेज तिथेच. बँकेतलं जॉइंट खातं, ओटीपी तिथेच. एवढंच काय आईच्या आधारलासुद्धा बाबांचाच नंबर, कारण तेव्हा आईकडे साधा बटणांचा फोन होता आणि बाबा म्हणाले एकच नंबर दिला की गोंधळ नको. स्मार्टफोन तिला तीन वर्षांपूर्वी घेऊन दिला, तो ती व्हिडिओ कॉल आणि भजनं ऐकायला वापरते, पण तो नंबर कुठेच दिलेला नाही. जगाच्या दृष्टीने आईला फोनच नाही.

बाबांचा फोन आई रोज रात्री नऊला चार्जिंगला लावते. पॅटर्न तिला माहीत आहे, मला म्हणाली, "ओटीवरून सरळ माजघरात, मग वळून स्वयंपाकघर, मग मागचं दार." मी बोटाने करून बघितलं, उघडला. घराचा नकाशाच होता तो. आत मात्र काही तिला उघडता येत नाही. बाबांची एक डायरी आहे, विमा एजंटने दिलेली, त्यात सगळे यूजर आयडी सुंदर अक्षरात लिहिलेत आणि पासवर्डच्या पुढे प्रत्येक ठिकाणी एकच शब्द, "नेहमीचा". आता नेहमीचा म्हणजे काय ते बाबांनाच माहीत!

भाऊ म्हणतो सिम बंद करून टाक, दर ८४ दिवसांनी कशाला भरायचे पैसे, सगळं माझ्या नंबरवर घेतो. आई म्हणते राहू दे. का राहू दे ते सांगत नाही. रिचार्ज पंधरा दिवसांत संपतंय, नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याचंही बघायचंय. मागच्या आठवड्यात मी बाबांच्या सिमच्या कंपनीच्या गॅलरीत आईला घेऊन गेले नाव बदलून मिळतं का विचारायला, तर काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाला, "ज्यांच्या नावावर सिम आहे त्यांना घेऊन या." आई शांतपणे म्हणाली, "त्यांना आणायचं तर मला जावं लागेल बाळा, आणि मग मीही परत यायची नाही." त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता. पण काम झालं नाही ते नाहीच.

तर कुणी यातून गेलंय का? आधी काय करायचं, नंतर काय? आणि हो, कबूल करते, दोन महिने लाईट बिल मी बाबांच्याच फोनवरून युपीआयने भरलंय. पिन आईला माहीत होता.

सदूचा_नातू

वाईट वाटलं वाचून. बाकी तुमच्या आईंचं उत्तर ऐकून मात्र दंडवत. पॉपकॉर्न घेऊन नाही, वही घेऊन बसलोय. आमच्याकडेही सगळं वडलांच्या नंबरवर आहे, आणि वडील ७६.

निवृत्त_कॅशियर

ताई, आधी रागावून घेतो मग सांगतो. बाबांच्या नावचं युपीआय, त्यांचं एटीएम, त्यांचं नेट बँकिंग आजपासून वापरायचं नाही. माणूस गेला की त्याच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार संपला, मग पिन बायकोला माहीत असो की मुलाला. पैसे तुमचेच आहेत, बिल तुमचंच आहे, सगळं मान्य, पण उद्या भावाभावांत, म्हणजे तुमच्यात नाही म्हणत मी, पण काउंटरच्या या बाजूला ३४ वर्षं बसून मी काय काय बघितलंय ते सांगत नाही, कुणी विचारलं की मृत्यूनंतर तारीख अमुकला पैसे कुणी काढले तर उत्तर द्यायला अवघड जातं.

आता खातं. पासबुकावर बघा, "दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला" अशा अर्थाचं लिहिलेलं असेल तर खातं आईचंच आहे, ते चालू राहतं. मृत्यूचा दाखला द्यायचा, बाबांचं नाव कमी करायचं, आणि त्याच फेरीत आईचा मोबाईल नंबर नोंदवायचा फॉर्म भरायचा. या फॉर्मला आई स्वतः गेली पाहिजे, तुम्ही जाऊन चालणार नाही. बाबांच्या एकट्याच्या नावावर एफडी असतील तर नॉमिनीने क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि स्वतःचं ओळखपत्र द्यायचं. कागद पूर्ण असतील तर १५ दिवसांत क्लेम निकाली काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो नम्रपणे सांगायचा, नम्रपणेच, कारण काउंटरवरचा माणूस पण माणूस असतो. आणि एक लक्षात ठेवा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीने पैसे वारसांच्या वतीने ताब्यात घ्यायचे. यावरून निम्म्या महाराष्ट्रात भांडणं चालू आहेत.

नाव कमी केल्यावर त्याच टेबलावर आईच्या खात्याला नॉमिनी लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. दोघं भावंडं आहात, निम्मं निम्मं लिहून मोकळे व्हा.

जुन्या कुठल्या खात्याचा पत्ता लागत नसेल तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, २०२३ मध्ये आलं. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी त्यावर नावाने शोधता येतात. मास्तर लोकांची बदल्यांच्या गावी एखादी विसरलेली पासबुकं असतातच.

अनुश्री_को

मिरजकरीण, नंबर बंद करू नकोस. निदान आत्ता नको. आमचं काय झालं ते सांगते म्हणजे समजेल.

सासरे गेले तेव्हा आम्हीही असंच रिचार्ज नाही केलं. मुद्दाम नाही, राहिलं. एक दिवस दुपारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, "अप्पा यांनी ग्रुप सोडला". सासूबाई चष्मा लावून रोज ग्रुप वाचतात. त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. अकाउंट बरेच दिवस वापरलं नाही की व्हॉट्सॲप आपणहून काढून टाकतं हे नवऱ्याने नंतर समजावलं, पण त्या दिवशी जेवण कुणाला गेलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी दुसरा अध्याय. आमच्या फोनमध्ये नंबर "अप्पा" म्हणून सेव्ह, आणि त्या नावापुढे फोटो कुणाचा तर बुलेटवर बसलेला गॉगलवाला पोरगा, मागे समुद्र. नंबर दुसऱ्याला दिला गेला होता! आणि खरा घोळ पुढे, अप्पांची एक एफडी बँकेत तशीच होती, तिच्या व्याजाचे मेसेज त्या पोराला जायला लागले. देवमाणूस निघाला, त्याने शोधून शोधून फोन केला, म्हणाला काकू तुमच्या कुणाचे तरी पैसे जमा झाल्याचे मेसेज मला येतायत, मी डिलीट करतो पण तुम्ही बँकेत सांगा. सासूबाईंनी त्याला दिवाळीला फराळ पाठवला, कुरियरने, इचलकरंजीला. पण सगळेच असे नसतात ना.

तात्या_टेक्निकल

अनुश्रीताईंनी सांगितलं ते का होतं ते सांगतो, म्हणजे भावाला पटवता येईल.

प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही, म्हणजे कॉल नाही मेसेज नाही नेट नाही, की कंपनी ते बंद करू शकते. २० रुपये तरी बॅलन्स असेल तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. बंद झालेला नंबर पुढचे ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर बाजारात मोकळा. व्हॉट्सॲप १२० दिवस उघडलं नाही तर अकाउंट उडतं. म्हणजे रिचार्ज विसरलात तर साधारण सहा ते आठ महिन्यांत तुमच्या घराची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात. मोबाईल नंबर आपला नसतोच हो, भाड्याचा असतो, आपण मात्र दाराला त्याचंच कुलूप लावून ठेवलेलं असतं.

आता फोनचं. १) बाबांचा फोन काहीही झालं तरी फॉरमॅट करू नका, त्यातून लॉगआऊट करू नका, पॅटर्न माहीत आहे ही लॉटरी समजा. गूगलला नव्या फोनवर लॉगिन करायला गेलात तर "हे तुम्हीच का" असं तो याच फोनवर विचारणार. २) फोटो आत्ताच उतरवून घ्या, लॅपटॉपला केबल लावा किंवा गूगल टेकआउट म्हणून सोय आहे त्यातून सगळं एकदम येतं. दोन वर्षं अकाउंट वापरात नसेल तर गूगल ते डिलीट करतं, डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. ३) व्हॉट्सॲपमधले जे चॅट आईला हवेत ते एक्स्पोर्ट करा. ४) हे झाल्यावर सिम आईच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत टाका, हल्ली बहुतेक फोनला दोन सिम असतात. २०२३ पासून एका अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपची दोन अकाउंट पण चालतात. दोन दोन फोन चार्ज करायला नकोत.

रच्याकने, म्हणजे रस्त्याच्या कडेने जाता जाता, "पासवर्ड: नेहमीचा" वाचून हसावं की रडावं कळेना. माझ्या वडलांच्या डायरीत "पासवर्ड: बदलला" असं आहे.

डोंबिवली_ते_डॅलस

मी भावाच्या बाजूने लिहायला आलो होतो पण माझीच गोष्ट आठवली आणि हात आवरता घेतला.

बाबा गेल्यावर मी हुशारी केली आणि आईचं सगळं माझ्या भारतातल्या नंबरवर घेतलं, तो इथे रोमिंगवर चालू ठेवतो. कंट्रोल रूम माझ्याकडे, आईला त्रास नको, वगैरे. आमच्याकडे गॅसवाला येतो सकाळी अकराला. तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा. पहिल्या वेळी मी झोपलेलो, आईने चार वेळा फोन केला, फोन सायलेंटवर, गॅसवाला म्हणाला काकू कोड नाही तर टाकी देता येणार नाही, दुसरा मजला बिनलिफ्टचा चढून आलेला तो टाकी घेऊन खाली गेला. दुसऱ्या वेळी मी जागा राहिलो, मुद्दाम अलार्म लावून, तर मेसेजच आला नाही, रोमिंगवर कधी येतो कधी नाही. आई फोनवर एकच वाक्य बोलली, "माझ्या घरातल्या टाकीसाठी मला अमेरिकेला विचारावं लागतंय."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंच्या मुलाला विनंती करून सगळं आईच्या नंबरवर करून घेतलं. आता ती कोड वाचते आणि मला नंतर सांगतेसुद्धा नाही.

विजया_नगरकर

धन्यवाद डॅलस, मला हेच लिहायचं होतं आणि मी इतकं सौम्य लिहिलं नसतं.

इथे सगळे विचारतायत बाबांच्या नंबरचं काय करायचं. आईच्या नंबरचं काय ते कुणी विचारलं का? बाबांच्या खिशातून किल्ली काढून भावाच्या खिशात टाकायची, आई आपली दोन्ही वेळा दाराबाहेरच. मी स्वतः ६८ वर्षांची आहे, हे गेले तेव्हा मला एटीएममध्ये कार्ड कुठल्या बाजूने घालायचं माहीत नव्हतं आणि मी तीस वर्षं सोसायटीचे हिशेब लिहिलेत! येत नव्हतं म्हणून नाही, हातात दिलंच नव्हतं म्हणून. "थांब, तू काहीतरी दाबशील" हे वाक्य वाचून माझ्या डोक्यात सणक गेली. दाबू की. दाबल्याशिवाय कळणार कसं काय होतं ते.

सदूचा_नातू

विजयाकाकू, आधीच्या पिढीतल्या पुरुषांनी हौसेने केलं तेही वाईट का? माझे वडील बिल भरतात म्हणजे आईवर अन्याय करतात असं नाही ना. धाग्याचं काश्मीर, म्हणजे न संपणारं भांडण, करायचं नाहीये मला, पण सगळं एकाच तराजूत नको.

विजया_नगरकर

अन्याय म्हटलं का मी कुठे? हौसच म्हणाले. पण तुमचे वडील ७६ आहेत असं तुम्हीच वर लिहिलंत. आज घरी गेल्यावर आईला विचारा, गॅसचा ग्राहक क्रमांक कुठे लिहिलाय. उत्तर इथे येऊन सांगा.

सदूचा_नातू

विचारलं. आई म्हणाली "ते ह्यांना माहीत". बाबा म्हणाले "फोनमध्ये आहे". फोन कुठेय तर सापडेना, रिंग दिली तर सायलेंटवर. काकू, तुम्ही जिंकलात. हेमाशेपो, हे माझे शेवटचे पोस्ट.

पोस्ट_ऑफिसच्या_पायरीवर

आधारला नंबर बदलायचा त्रास वाटत असेल तर एक सोपं सांगते, माझ्या आत्याचं असंच केलं. केंद्रात जाऊन रांगेत बसवायची गरज नाही. पोस्टमन घरी येऊन आधारचा मोबाईल नंबर बदलून देतो, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेमार्फत ही सोय २०२१ पासून आहे. पोस्टात जाऊन सांगून ठेवायचं. आमचे पोस्टमन दादा मोबाईल आणि अंगठ्याचं छोटं यंत्र घेऊन आले, आत्याचा अंगठा घेतला, नवा नंबर टाकला, झालं. कागदपत्र काही लागलं नाही, जुन्या नंबरवरचा ओटीपीही लागला नाही. तेव्हा ५० रुपये घेतले होते, आता फी ७५ झालीये.

फक्त अंगठ्याचं बघा. आत्याचा अंगठा तीन वेळा उठला नाही. आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसट झालेल्या. पोस्टमन दादाच म्हणाले, आत्या, हात कोमट पाण्याने धुवा, कोरडे करा, आणि दुसरं बोट देऊन बघू. मधल्या बोटाने काम झालं.

निवृत्त_कॅशियर

बरोबर, आणि क्रमही हाच ठेवा. पहिलं आईच्या आधारला आईचा नंबर. मग बँक. मग गॅस एजन्सीत जाऊन कनेक्शन आईच्या नावावर करून घ्या, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना हरकत लागते, त्याच फॉर्मवर नंबर बदलून मिळतो. मग लाईट बिल, ते महावितरणच्या ॲपवर बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून नंबर बदलता येतो, नाव बदलायचं नंतर सावकाश करा, वीज काही कुणी तोडत नाही. आणि सगळ्यात शेवटी बाबांचं सिम. लोक बरोबर उलट करतात, सिम आधी बंद करतात आणि मग ओटीपीसाठी दारोदार फिरतात.

हयातीच्या दाखल्याची काळजी नको. बँकेत जाऊन करता येतं किंवा जीवन प्रमाण म्हणून सरकारी ॲप आहे त्यावर घरबसल्या चेहरा दाखवून होतं. मात्र आईची फॅमिली पेन्शन आधी सुरू झालीये ना ते बघा, नाहीतर बाबांच्याच पेन्शनवर अजून पैसे जमा होत असतील तर ते परत जातील, खर्च करू नका.

मिरजकरीण

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. कॅशियरकाका, रागावलात ते योग्यच. फॅमिली पेन्शन ऑगस्टपासून सुरू झालीये, तेवढं एक शाळेतल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी धावपळ करून दिलं. विजयाकाकू, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "ह्या बाईंचा नंबर घे."

आणखी एक सांगायचं राहिलं, बाबांच्या फोनवर काल मेसेज आलाय की मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज बंद होणार, अमुक अधिकाऱ्याला फोन करा. आई घाबरून मेणबत्त्या काढून बसली होती.

तात्या_टेक्निकल

फोन करू नका!! शुद्ध फसवणूक. महावितरण असा साध्या दहा आकडी नंबरवरून मेसेज पाठवत नाही, आणि तो "अधिकारी" फोनवर एखादं ॲप टाकायला सांगतो ज्यातून तुमची स्क्रीन त्याला दिसते. हा प्रकार चार वर्षं तरी चालू आहे, आता नवीन म्हणजे लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाईल येते, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी. आईला एवढंच सांगा की घाई करणारा मेसेज खोटा. आणि चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, लगेच म्हणजे चहा करायच्या आत, जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात पळतात.

अजून एक, व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीत अनोळखी कॉल सायलेंट करायची सोय आहे, ती चालू करून द्या.

विजया_नगरकर

करून देऊ नका. आईला करायला सांगा, तुम्ही शेजारी बसा. हात पाठीमागे बांधून.

मिरजकरीण

दीड महिन्याने येतेय, अपडेट द्यायचा राहिला होता.

आधार झालं, पोस्टमनकडून, अंगठा पहिल्या झटक्यात उठला. बँकेत तीन फेऱ्या झाल्या, पहिल्या फेरीत साहेब रजेवर, दुसऱ्या फेरीत फॉर्म बदललेला, तिसऱ्या फेरीत झालं. आईने सही करताना पेन उचलून विचारलं, "आता मेसेज मला येणार ना, ह्यांना नाही?" गॅसचं नाव बदललं. परवा टाकी आली तेव्हा मी मुद्दाम व्हिडिओ कॉलवर होते, तिने चष्मा शोधला, मेसेज उघडला, आणि कोड असा खणखणीत वाचला की गॅसवाला म्हणाला काकू हळू, शेजारी ऐकतील. मग तिने तो मेसेज पुन्हा उघडून दोनदा वाचला, टाकी गेल्यावर.

सिम आईच्या नावावर झालं. दुसऱ्या गॅलरीत गेलो, मृत्यूचा दाखला, तिचं आधार, नात्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड, अर्ध्या तासात काम. आता ते तिच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत आहे. भाऊ अजून म्हणतोय पैसे वाया. म्हणू दे, रिचार्ज आई करते, स्वतः, स्वतःच्या युपीआयवरून. पहिल्यांदा केलं तेव्हा चुकून माझ्या नंबरला मारलं, ते मी परत मागितलं नाही.

बाबांचा फोन मात्र अजून रात्री नऊला चार्जिंगला लागतो, बिनसिमचा. त्यावर मी काही बोलले नाही.

आणि "नेहमीचा" सापडला! वायफाय बंद पडलं होतं, माणूस आला, राउटरच्या आत जायला पासवर्ड मागितला. मी फोनवरून जन्मतारखा, स्कूटरचा नंबर, कुलदैवत, भावाचं लाडकं नाव, सगळं सांगत होते. आईने पोळी लाटता लाटता सांगितलं, अगं आपला पहिला फोन आला होता ना काळा, गोल चकतीचा, त्याचा नंबर, आणि पुढे माझं माहेरचं नाव. टाकलं, उघडलं. मी म्हटलं आई, पाच महिने डोकं फोडतोय आम्ही, सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "विचारलंत कुठे मला?"

तात्या_टेक्निकल

अर्धा पासवर्ड इथे लिहिलात ताई. आज रात्रीच बदला. आईंना बदलायला सांगा म्हणजे.

मिरजकरीण

बदलला. काय ठेवला विचारलं तर म्हणाली, नेहमीचा.